तोडलेल्या काँक्रीटची खडी बर्फात टिकेल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी रिसायकल खडीवर इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. मुंबईत सध्या जिकडे बघावं तिकडे जुन्या बिल्डिंगी पडतायत, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी असोत नाहीतर उपनगरातल्या सोसायट्या, त्यामुळे राडारोड्याचं काय करायचं हा प्रश्न आता घरोघरी पोचलाय आणि ते चांगलंच झालं. पण आलेल्या प्रश्नांमधले बरेचसे थंडीबद्दलचे आहेत, कारण आपल्या लोकांच्या नोकऱ्या आणि कामं आता लेह-मनालीपासून कॅनडापर्यंत पोचलीत. तर सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : मॅडम, मी डोंबिवलीचा, सिव्हिल डिप्लोमा झालाय, आधी नवी मुंबईत आरएमसी (तयार काँक्रीट) प्लँटवर होतो आणि आता लेहजवळ एका साइटवर आहे. इथे एक जुनी आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची, शेड पाडायची आहे आणि साहेब म्हणतायत की तिचंच काँक्रीट क्रशरला टाकून खडी करू आणि रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत), गटार आणि रस्त्याच्या कडेचा कर्ब यांना वापरू, कारण खालून खडी आणायची तर ट्रकभाडंच परवडत नाही. नवी मुंबईत आम्ही अशी खडी पीसीसीत, म्हणजे बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये, आणि पेव्हर ब्लॉकमध्ये वापरायचो, कधी तक्रार आली नाही. मग इथे काय हरकत आहे?

उत्तर : साहेबांचा विचार चुकीचा नाही, जागेवरचा माल जागेवरच वापरायचा हे पहाडात तर फारच शहाणपणाचं आहे. पण नवी मुंबईचा अनुभव इथे धरू नका हो, कारण तिकडच्या काँक्रीटला आयुष्यात कधी गोठावंच लागत नाही. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही १९६२ च्या जानेवारीतलं, म्हणजे आपल्याकडे काँक्रीटच्या आतलं पाणी कधी बर्फच झालेलं नाही आणि लेहमधला सगळा प्रश्न त्या पाण्याचाच आहे.

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली विसरली तर काय होतं ते प्रत्येक घरात माहितीय. काँक्रीट भरीव दिसतं खरं पण सिमेंटच्या पेस्टमध्ये डोळ्याला न दिसणारी भोकंच भोकं असतात आणि ती पाणी शोषतात, आणि ही भोकं साधारण ९१-९२ टक्क्यांच्या वर भरलेली असली की गोठताना वाढलेल्या बर्फाला आत जागाच उरत नाही, मग आतून दाब येतो, केसासारख्या चिरा पडतात, दुपारच्या उन्हात बर्फ वितळून त्या चिरांमध्ये अजून पाणी शिरतं आणि रात्री ते परत गोठतं. हे चक्र लेहसारख्या ठिकाणी, जिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री उणे तापमान, तिथे हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना रोज फिरत असतं.

आता तुम्ही म्हणाल की लेह तर कोरडं आहे, वर्षाला पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. बरोबर आहे, आणि म्हणूनच तिथली उघडी उभी भिंत, जिच्यावर पाणी थांबत नाही, ती वर्षानुवर्षं ठीक राहते. निव्वळ थंडीने काँक्रीट मरत नाही, ओलं असताना गोठल्याने मरतं. पण तुम्ही जी तीन कामं सांगितलीत ती नेमकी ओली राहणारी आहेत! गटारात पाणी, कर्बच्या कडेला साठलेला बर्फ वितळून पाणी आणि रिटेनिंग वॉलच्या मागे भरावातून झिरपणारं पाणी. सगळा जोर तिथेच येणार.

यावरचा इलाज १९३० च्या दशकात अमेरिकेत हाती लागला तो असा, की काही रस्ते बाकीच्यांपेक्षा थंडीत फार चांगले टिकत होते आणि शोधल्यावर कळलं की त्यांच्या सिमेंटमध्ये दळताना चरबीसारखा पदार्थ पडला होता आणि त्यामुळे काँक्रीटमध्ये अतिशय बारीक हवेचे बुडबुडे तयार झाले होते. गोठणाऱ्या पाण्याला पळून जायला जवळच रिकामी खोली मिळाली की दाब वाढत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व. आज त्यासाठी एअर एन्ट्रेनिंग ॲडमिक्श्चर, म्हणजे असे बुडबुडे तयार करणारं मिसळायचं केमिकल, मिळतं. बुडबुडे नुसते असून भागत नाही, ते एकमेकांच्या जवळ हवेत, पेस्टमधल्या कुठल्याही जागेपासून जवळचा बुडबुडा साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत म्हणतात तसं. आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये, २००० च्या आवृत्तीत, गोठण-वितळणीच्या जागी एम ५० च्या खालच्या ग्रेडला (एमच्या पुढचा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा) २० एमएम खडी असेल तर ५ टक्के हवा, एक टक्का इकडे-तिकडे, असं दिलेलं आहे आणि ४० एमएमला ४ टक्के. मुंबईच्या प्लँटवर तुम्ही हे ॲडमिक्श्चर बहुतेक कधी हाताळलं नसणार कारण इथे त्याची गरज नाही, उलट हवा एक टक्का वाढली की स्ट्रेंग्थ साधारण ५ टक्के घटते म्हणून आपल्याकडे हवा म्हणजे शत्रूच.

आता रिसायकल खडीकडे या. तिचा एक दाणा हातात घेऊन नीट बघा, मध्ये मूळ दगड असतो आणि त्याला चिकटलेला जुना मसाला असतो, सिमेंट आणि रेतीचा. खरी मेख त्या मसाल्यात आहे. तुम्ही नव्या काँक्रीटमध्ये कितीही नीट ५ टक्के हवा घातलीत तरी ते बुडबुडे नव्या पेस्टमध्ये बसतात, जुन्या मसाल्याच्या आत जात नाहीत. आणि जुन्या मसाल्याचा थर कित्येक मिलिमीटर जाड असतो, त्याच्या पोटातल्या पाण्याला ०.२ मिलिमीटरवर कुठली खोली सापडणार? ते तिथेच गोठतं, दाणा आतून फुटतो आणि फुटताना आजूबाजूचं नवं, चांगलं काँक्रीटही सोबत फोडतो. म्हणून जगभरच्या प्रयोगांमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, की मूळ काँक्रीटमध्ये हवा होती तर त्याची खडी थंडीत चांगली चालते आणि मूळ काँक्रीट बिनहवेचं आणि जास्त पाणी घालून पातळ केलेलं होतं तर ती खडी दगा देते, मग टक्केवारी काहीही ठेवा, नुकसान फक्त कमी-जास्त होतं. हेच मला आज सगळ्यात मोठ्याने सांगायचंय. "किती टक्के वापरू" हे सगळे विचारतात, "हा राडारोडा कुठल्या काँक्रीटचा" हे कोणी विचारत नाही.

तेव्हा आधी ती शेड वाचा. किती वर्षांची आहे, तिच्यातला जो भाग ओला राहत होता, म्हणजे प्लिंथ, छज्जाची कड, पाण्याच्या टाकीखालचा भाग, तो तडकलाय का, पापुद्रे सुटलेत का? वीसेक हिवाळे ओला राहूनही जो भाग धड आहे त्याच्यापेक्षा चांगलं सर्टिफिकेट कुठली लॅब देणार नाही. पण एक सांभाळा, आतला कोरडा कॉलम धड आहे म्हणून खूश होऊ नका, त्याची परीक्षाच झालेली नाही. मग दोन-चार तुकडे कापून, घासून, गुळगुळीत करून मायक्रोस्कोपखाली बघायला द्या, गोल गोल बारीक बुडबुडे विखुरलेले दिसले तर हवा होती, वेडेवाकडे मोठे खड्डे दिसले तर ती नीट व्हायब्रेट न केल्याची हवा आहे, तिचा उपयोग नाही. आणि २४ तासांचं पाणीशोषण काढा, चांगला दगड एक-दोन टक्क्यांच्या आत राहतो, रिसायकल खडी चार-सहा टक्के किंवा त्याहून वर जाते. जितकं जास्त शोषण तितका जुना मसाला जास्त, तितका धोका जास्त. सोडियम सल्फेटची साउंडनेस (खडीचा टिकाऊपणा बघायची) टेस्ट यासाठी धरू नका, ती दगडासाठी आहे, इथे सल्फेट जुन्या मसाल्याशी केमिकली भिडतं आणि रिझल्ट फसवा येतो.

आणि आता कोडचं, कारण साहेबांना कागद दाखवावा लागेल. आयएस ३८३ या खडी-रेतीच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीने रिसायकल काँक्रीट खडीला दार उघडलं पण मापात, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत आणि तेही फक्त एम २५ पर्यंत, आणि एम १५ च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. आता आयएस ४५६ उघडा, ओलं असताना अधूनमधून गोठणारं काँक्रीट तिथे सिव्हिअर (कडक परिस्थिती) या गटात येतं आणि जोरात गोठणारं व्हेरी सिव्हिअर (फार कडक) मध्ये, आणि त्या दोन्ही ठिकाणी आरसीसीला कमीत कमी ग्रेड अनुक्रमे एम ३० आणि एम ३५. म्हणजे दोन कोड शेजारी ठेवले की उत्तर आपोआप मिळतं, तुमच्या आरसीसी रिटेनिंग वॉलला आणि आरसीसी गटाराला ही खडी बसतच नाही. कर्ब जर बिनसळईचा, साध्या काँक्रीटचा असेल तर २५ टक्क्यांपर्यंत चालेल, पण शेडचं काँक्रीट वरच्या परीक्षेत पास झालं असेल तरच, आणि नव्या मालात ५ टक्के हवा घालूनच. फाउंडेशनखालचं लीन, मजबूत भराव, रस्त्याच्या खालचा थर, तिथे मात्र बिनधास्त वापरा, एवढ्यातच शेडचा बराचसा माल संपेल बघा. फक्त भिंतीच्या मागे, वीप होलच्या, म्हणजे पाणी बाहेर जायला ठेवलेल्या भोकांच्या, तोंडाशी ती टाकू नका, तिच्यातला चुना पाण्याबरोबर वाहून येतो आणि जाळी-पाइप पांढऱ्या खरपुडीने बंद होतात, आणि ड्रेनेज बंद झालं की भिंतीमागे पाणी साठणार आणि मग पुन्हा तेच गोठणं.

अजून एक, फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) वापरत असाल तर तिच्यातला न जळालेला कार्बन हवेचं ॲडमिक्श्चर गिळून टाकतो, एका ट्रकमध्ये ५ टक्के हवा मिळाली म्हणून दुसऱ्यात मिळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक ट्रकला हवा मोजा. आणि ५ अंशांच्या खाली तापमान गेलं की थंडीतल्या काँक्रीटकामाचा कोड, आयएस ७८६१ चा दुसरा भाग, लागू, ताजा माल साधारण ३.५ मेगापास्कल ताकद येईपर्यंत एकदाही गोठता कामा नये, नाहीतर खडी कुठलीही असू दे, तो माल कायमचा गेला. संध्याकाळी चारनंतर ओतकाम घेऊच नका आणि ब्लँकेट टाका.

प्रश्न : ताई, मुलगा टोरांटोजवळ राहतो, नवीन घराचा काँक्रीटचा ड्राइव्हवे दोन हिवाळ्यांतच वरून सोलून निघतोय, पापुद्रे येतायत. कोणीतरी त्याला सांगितलं की बिल्डरने रिसायकल माल वापरला म्हणून. आम्ही ठाण्यात बसून काळजी करतोय, खरं असेल का हे?

उत्तर : काळजी कळते, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोतून जे दिसतंय, म्हणजे वरचा पातळ थर पापुद्र्यांसारखा सुटतोय आणि खालची खडी जागच्या जागी आहे, ते बहुतेक वेळा खडीचं दुखणं नसतं. खडी फुटत असेल तर ठिकठिकाणी खळगे पडतात आणि खळग्याच्या तळाशी फुटलेला दाणा दिसतो. पापुद्रे येणं हे मिठाचं काम असतं, तिकडे बर्फ वितळवायला मीठ टाकतात ना, ते, आणि विचित्र गोष्ट अशी की मीठ खूप असलं की जास्त नुकसान असं नसतं, साधारण ३ टक्क्यांच्या आसपासचं हलकं खारट पाणी सगळ्यात वाईट. त्याच्या जोडीला वरच्या थरात हवा कमी असणं, माल ओतल्यावर वर आलेलं पाणी न सुकताच त्यावर थापी फिरवणं, आणि पहिल्याच हिवाळ्यात मीठ टाकणं, ही नेहमीची कारणं.

मुलाला सांगा की मीठ पूर्ण बंद, घसरू नये म्हणून नुसती वाळू टाकायची, आणि गाडीखालून जे खारं पाणी पडतं तेही जमेल तसं ढकलून काढायचं. उन्हाळ्यात काँक्रीट चांगलं सुकल्यावर सिलेनचा सीलर मारून घ्यावा, तो पाणी आत जाऊ देत नाही पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो. बिल्डरशी बोलायचं झालं तर "रिसायकल वापरलं का" यापेक्षा "ओतताना हवा किती मोजली होती, कागद दाखवा" असं विचारायचं. तिकडे ड्राइव्हवेच्या स्लॅबखाली रिसायकल खडीचा थर असणं अगदी नेहमीचं आहे आणि त्याने वरचे पापुद्रे निघत नाहीत.

प्रश्न : मॅम मी मुलुंडला राहते, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतलाय रिसायकल ॲग्रिगेट (खडी) आणि फ्रीझ-थॉ, म्हणजे गोठण-वितळणीवर. गाइड म्हणाले मुंबईत हे कसं करणार, फ्रीझ-थॉ चेंबरच नाही. आणि दुसरं, खडी आधी भिजवून घ्यायची की कोरडी टाकायची? एका पेपरमध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरं.

उत्तर : विषय सोडू नकोस, मुंबईत बसूनही नीट करता येतो. अमेरिकेची जी टेस्ट सगळे वापरतात, एएसटीएम सी ६६६, तिच्यात बीम पाण्यात ठेवून ४ अंशांवरून उणे १८ पर्यंत नेतात आणि परत आणतात, एका फेऱ्याला २ ते ५ तास, असे ३०० फेरे किंवा कडकपणा मूळच्या ६० टक्क्यांवर येईपर्यंत. ते चेंबर तुमच्याकडे नसणार हे खरं. पण साधा डीप फ्रीजर घ्या, रात्रभर पाण्याच्या डब्यात क्यूब गोठवा, सकाळी पाण्यात वितळवा, रोज एक फेरा होतो, आणि तो सी ६६६ नाही हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा म्हणजे झालं. तुमची तुलना तुमच्याच नमुन्यांमध्ये आहे, साधी खडी, रिसायकल खडी, हवा घालून आणि न घालता, असे चार गट केलेत तरी भरपूर कळेल. मोजायला कॉलेजमधलं अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटीचं, म्हणजे काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग मोजणारं, यंत्र पुरतं. कडकपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून वेग मूळच्या ७७.५ टक्क्यांवर आला की कडकपणा ६० टक्क्यांवर आला असं धर. वजनही घेत जा, आणि दर वेळी क्यूब त्याच अवस्थेत, पाण्यातून काढून पुसून, मोज, नाहीतर ओलाव्यानेच वेग बदलेल आणि तू भलताच निष्कर्ष काढशील.

भिजवण्याचं भांडण खरं आहे आणि दोन्ही पेपर आपापल्या जागी बरोबर आहेत. कोरडी खडी टाकली तर ती मिक्सरमधलंच पाणी ओढून घेते आणि स्लम्प, म्हणजे मालाचा सैलपणा, धपकन पडतो, म्हणून प्लँटवाले भिजवतात. उन्हाळी मुंबईत भिजवलेली खडी चांगलीच, आतून क्युरिंगही होतं. पण पूर्ण भिजलेली खडी म्हणजे दाण्याच्या पोटात पाणी भरूनच दिलं, आणि काँक्रीट सुकायच्या आत थंडी आली तर ते पाणी तिथेच गोठणार. म्हणून थंडीसाठी अर्धवट भिजवलेली बरी, शोषणाच्या पन्नास-ऐंशी टक्के पाणी आधी द्यायचं. दुसरा रस्ता म्हणजे दोन टप्प्यांत मिक्स करणं, आधी खडी आणि रेती अर्ध्या पाण्यात फिरवायची, मग सिमेंट, मग उरलेलं पाणी, त्याने जुन्या मसाल्याच्या चिरांमध्ये सिमेंटची पातळ पेस्ट जाऊन बसते आणि नव्या-जुन्याचा जोड घट्ट होतो. याला जास्तीचं मशीन लागत नाही म्हणून तुमच्या प्रोजेक्टला अगदी योग्य.

हवा मोजताना जपून हं. प्रेशर मीटर खडीच्या आतली हवाही मोजतो, आणि रिसायकल खडी सच्छिद्र असल्याने आकडा फुगून येतो, तुला वाटेल ६ टक्के आहे आणि पेस्टमध्ये असेल ४. मीटरबरोबर खडीचं करेक्शन काढायची पद्धत दिलेली असते ती टाळू नकोस, किंवा व्हॉल्यूमेट्रिक पद्धत वापर. आणि क्रशरमधून निघालेला बारीक चुरा, ४.७५ एमएमच्या खालचा, तो या प्रोजेक्टमध्ये घेऊच नको. जुना मसाला सगळ्यात जास्त त्या चुऱ्यात असतो, साध्या रेतीच्या जागी तो घातला की पाणी वाढतं आणि तुझे चारही गट एकसारखे खराब येतील, मग तुलना कशाची करणार?

प्रश्न : हे सगळं प्रयोगशाळेपुरतं आहे की खरंच थंड देशांत कोणी मोठ्या कामात वापरलंय? (पनवेलचे एक रस्ता कंत्राटदार)

उत्तर : वापरलंय, आणि तेही बऱ्याच वर्षांपूर्वी. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, जिथे हिवाळा हाडं गोठवतो, तिथे १९८० मध्ये वर्दिंग्टन गावाजवळ यूएस ५९ या रस्त्याचं जुनं काँक्रीट तोडून त्याचीच खडी करून नवा काँक्रीट रस्ता केला. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की तो जुना रस्ता थंडीनेच तडकला होता, त्याच्यातला दगडच कच्चा होता, जोडांच्या कडेने चिरा पडत आत सरकत होत्या. असा माल आपण फेकूनच दिला असता. त्यांनी खडी बारीक केली, सगळ्यात मोठा दाणा १९ मिलिमीटरच्या आसपास ठेवला, कारण दाणा लहान झाला की आतल्या पाण्याला बाहेर पडायला कमी अंतर राहतं आणि दाब तितका चढत नाही. तेव्हा मोठा दाणा आणि थंडी यांचं जमत नाही हे तुम्ही तुमच्या डायरीत लिहून ठेवा, ४० एमएमचा मोह पहाडी कामात नको.

जपानचं उदाहरण मला आपल्याला जास्त उपयोगी वाटतं कारण त्यांनी खडीच्या प्रती, म्हणजे दर्जे, ठरवल्या. २००५ पासून पुढे त्यांचे तीन स्टँडर्ड आले, एच, एम आणि एल. जाड खडीचं पाणीशोषण ३ टक्क्यांच्या आत असेल तर एच, ५ च्या आत एम, ७ च्या आत एल. एच म्हणजे जवळजवळ नव्या दगडासारखी, कुठेही वापरा, पण ती मिळवायला गरम करून किंवा घासून जुना मसाला सोलून काढावा लागतो, खर्च आणि वीज भरपूर. एम ही जमिनीखालच्या कामांना, पाइल, फाउंडेशन बीम असं, जिथे सुकणं नाही आणि गोठणंही नाही. एल ही भराव आणि लेव्हलिंगला. बघा, त्यांनीही शेवटी "कुठली खडी कुठे" हेच ठरवलं, आणि गोठणाऱ्या जागेपासून कच्ची खडी लांब ठेवली. आपल्याकडे आयएस ३८३ मध्ये टक्केवारी आहे पण अशा प्रती नाहीत, आणि मला मनापासून वाटतं की त्या यायला हव्यात, कारण आज एखाद्या चांगल्या प्रीकास्ट फॅक्टरीतल्या एम ५० च्या रिजेक्ट मालाची खडी आणि पन्नास वर्षांच्या पोपडे सुटलेल्या चाळीची खडी एकाच २० टक्क्यांत मोजली जाते, हा चांगल्या मालावरही अन्याय आहे आणि वापरणाऱ्यावरही.

प्रश्न : आमची चेंबूरची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय. थंडीचा आमचा काही संबंध नाही, पण आमच्याच बिल्डिंगची खडी आमच्याच टॉवरला वापरा असा आग्रह काही सभासद धरतायत. बिल्डर टाळाटाळ करतोय. सेक्रेटरी म्हणून मी काय भूमिका घेऊ?

उत्तर : सभासदांची भावना फार चांगली आहे आणि तुम्ही ती वाया जाऊ देऊ नका, पण या एका बाबतीत बिल्डरचं म्हणणं तपासून बघा. टॉवरचे कॉलम-स्लॅब एम २५ च्या बरेच वरचे असणार, तिथे ही खडी कोडमध्येच बसत नाही. थंडी नसली तरी आपल्याकडे तिच्या जागी खारी हवा आहे, आणि किनाऱ्याजवळच्या काँक्रीटला आयएस ४५६ त्याच सिव्हिअर रांगेत बसवतं जिथे अधूनमधून गोठणारं काँक्रीट बसतं. जुन्या बिल्डिंगच्या मसाल्यात वर्षानुवर्षं क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा भाग, मुरलेलं असतं, काही जुन्या कामांत तर खाडीची रेती नीट न धुता वापरलेली असते, आणि ते क्लोराइड नव्या सळईशेजारी नेऊन ठेवलं की गंज चालू. आरसीसीला एका घनमीटरमध्ये ०.६ किलो क्लोराइड ही मर्यादा आहे, आणि सिमेंट, पाणी, खडी सगळ्यांचं मिळून ती मोजायची असते.

तुम्ही आग्रह कुठे धरायचा ते सांगते. फाउंडेशनखालचं पीसीसी, कंपाउंडच्या आतले पेव्हर ब्लॉक, पार्किंगच्या खालचा भराव, गार्डनच्या वाटा, इथे तुमच्याच बिल्डिंगची खडी घाला म्हणून लेखी घ्या. उरलेला राडारोडा खाडीत किंवा खारफुटीत न जाता पालिकेच्या दहिसर किंवा डायघरच्या प्रक्रिया प्रकल्पात जाईल हे करारात टाका, दोन्हींची क्षमता रोज प्रत्येकी ६०० टनांची आहे. थोडाफार माल असेल तर पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहेच.

आणि पाडण्याचा क्रम, हा मी सगळ्या सोसायट्यांना कळकळीने सांगते कारण सगळा दर्जा तिथेच ठरतो. एका दिवसात पोकलेन लावून सगळं एकत्र पाडलं की टाइल, पीओपी, विटा, लाकूड, काँक्रीट सगळ्याची खिचडी होते आणि त्यातून निघणारी खडी भरावाशिवाय कशालाच उरत नाही. पीओपी आणि जिप्समचं तर खास बघा, त्यातलं सल्फेट नव्या सिमेंटबरोबर मिळून आतून फुगतं. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या कामांना चार ढीग वेगळे करायला सांगितले होते, काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा-मसाला. तेच करून घ्या. आधी फॉल्स सीलिंग, पीओपी, दारं-खिडक्या, टाइल्स, वायरिंग, मग विटांच्या भिंती, आणि शेवटी उघडा राहिलेला काँक्रीटचा सांगाडा. वेळ थोडा जास्त जातो, बिल्डर त्यासाठी कुरकुर करेल, तर पाडकामाचा तो क्रम आणि प्रत्येक ट्रकची प्रकल्पात पोचल्याची पावती, दोन्ही डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटवर सही व्हायच्या आधी लिहून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.